बांधावरच्या आईचं कवच

मुर्धे, ता. १२ नोव्हेंबर १९३८

चिरंजीव जानूस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल दुपारी ओसरीवर पडलो होतो आणि एकाएकी कानात तो आवाज आला. कर्र, कर्र. शाळेत चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि मागच्या ओळीतून हा आवाज यायचा, नेमका तालाच्या मध्ये पाय घालणारा. एकदा छडी घेऊन मागं आलो तर तू खिळ्यानं पाटीवरची पेन्सिल कोरत होतास. बोटभर पेन्सिलीवर बगळा, एका पायावर उभा. उचललेली छडी मी तशीच खाली घेतली. घरी येऊन चंद्रावतीच्या आईला म्हटलं, "ह्या तांडेलांच्या पोराला आईबाप नाहीत, पण बोटांत काहीतरी आहे." ती म्हणाली, "मग बोटांकडे तुम्ही बघा, पोटाकडे मी बघते." तसा तू आमच्या घरी आलास आणि चंद्रावतीला भाऊ मिळाला.

बघ, रडायला बसलो आणि गायला लागलो. माझं आयुष्यभर असंच झालं. आता मुद्द्याचं लिहितो.

गेल्या माघात तू आठ दिवस राहायला आला होतास, तेव्हाच बांधावरच्या आईनं कवच टाकलं. दीडशे वर्षांचा शेंदूर, थरावर थर चढलेला, एका सकाळी सबंध सुटून खाली आला आणि मागं मूळचा काळा दगड उघडा राहिला. आपली रीत तुला ठाऊक आहे. गळालेलं कवच टोपलीत ठेवून फडक्यानं बांधायचं, ज्या घरची दिवाबत्तीची पाळी त्या घरी पौर्णिमेपर्यंत ठेवायचं, मग भरतीला खाडीत सोडायचं. मध्ये कोणी फडकं उचलायचं नाही. पाळी आपल्या घरची होती. चंद्रावतीनं एकभुक्त राहून ते सांभाळलं. तू बडोद्याला परत गेल्यावर चार दिवसांनी भगतानं टोपली वाजतगाजत सोडली.

श्रावणात ती टोपली तिवरांच्या मुळांत, गाळात रुतलेली सापडली. फडकं तसंच बांधलेलं. आत फुटकी मंगलोरी कौलं.

म्हणजे गावानं वाजतगाजत कौलं बुडवली. आईला कोणी पोचवलंच नाही. पुढं भाद्रपदाच्या उधाणानं मिठागराचा बांध फुटला, मागोमाग हिवताप आला आणि गावातली सात पोरं गेली. मग सगळी बोटं आमच्या दाराकडे वळली. टोपली तिच्या घरात होती आणि बाई विधवा. एवढं पुरे झालं. कोणी म्हणतं तिनं मांत्रिकाला दिलं, कोणी म्हणतं शेतात पुरलं. आम्हाला वाळीत टाकलंय. विहिरीवर तिला घागर टेकू देत नाहीत. पोशा पाटील ओट्याखाली उभा राहून सांगून गेला, "माघी पुनवेपातुर कवच आना. न्हाय तं बाईनं गाव सोडायचा. तुमी ऱ्हावा मास्तर. तुमी आमाला अक्षर दिलाय."

तिला माहेर हेच, सासरचे दार उघडत नाहीत. ती जाणार कुठं?

तू ते कवच डोळ्यांनी पाहिलंस. तुझी नजर एकदा पाहिलेलं विसरत नाही. मला तसंच एक करून दे. तिवरात सापडलं म्हणून मी पुढं आणीन. खोटं मागतोय, कळतंय मला. चाळीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिलं त्याच हातानं हे लिहितोय.

तुझा,
कमळाकर मास्तर


बडोदे, ता. २४ नोव्हेंबर १९३८

तीर्थरूप मास्तरांस जानूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस काम झालं नाही. ताईवर असं बालंट यावं!

पण तुम्ही म्हणता तसं करता येणार नाही. वरचं सोंग मी करीन हो, शेंदूर, तेल, मेण, सगळं मिळतं. पण ते थापून होत नाही, ते साचत जातं. बाहेरून ओबडधोबड दिसतं, आतून मात्र बाळाच्या टाळूसारखं गुळगुळीत असतं. आणि सगळ्यांत आतल्या थरात कुण्या बाईच्या हिरव्या काकणाचा तुकडा रुतलाय, तो मी कुठून आणू? दीडशे वर्षांपूर्वी शेंदूर लावताना तिचं काकण फुटलं असेल. ते खोटं करायला हात धजत नाही.

ताईला काही महिने इकडं पाठवून द्या. लोक विसरतात.

इकडं एक बरी गोष्ट घडली. एका धनिकांनी आपल्या बंगल्यात नव्या शिल्पांचं दालन उघडलंय. अशा प्रकारचं ह्या शहरात पहिलंच. माझं एक काम अगदी मध्यभागी मांडलंय. फेब्रुवारीअखेर प्रदर्शन संपलं की त्यांच्या कलाशाळेत मला शिक्षकाची जागा मिळेल असं दिसतं. तुमचा विद्यार्थी मास्तर होणार! पण तुम्ही इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नका. मी कामात बुडालोय, नीट बोलणंही व्हायचं नाही.

आपला,
जानू


मुर्धे, ता. ८ डिसेंबर १९३८

चिरंजीव जानूस आशीर्वाद.

तुझं पत्र चंद्रावतीला वाचून दाखवलं. काकणाच्या तुकड्यापाशी मी चष्मा पुसला. कुठून सुचलं रे तुला हे? कवच आतून कुणी पाहिलंय? मी तुला कविता पाठ करायला लावायचो तेव्हा तू खिडकीबाहेर बघायचास, आणि आज बघ, आमच्यापेक्षा मोठा कवी निघालास. चंद्रावती "परत वाचा," एवढंच म्हणाली. परत वाचलं.

आता इथलं. तिनं बांधाच्या अलीकडं स्वतः खड्डा खणलाय. त्यात मचूळ पाणी येतं, ते फडक्यातून गाळून पितो. मी तिच्यासमोर बसून ओळी म्हणतो. पहिलीच्या वर्गासाठी मीच जुळवलेल्या त्या:

नाही नांगर, नाही बियाणे, उन्हात पिकते रान,
मुर्ध्याच्या ह्या मिठावाचुन फिके राजाचे पान.

ती म्हणाली, "बाबा, पुरे. ह्या गावाचा मीठ आपल्याला आता कोन देतंय?" चाळीस वर्षांत ह्या ओळींवर कोणी असा प्रश्न विचारला नव्हता.

मी येतो. तू नको म्हणालास ते वाचलंच नाही असं समज. तुझ्या पायाशी बसून मागीन. करून दे, काकणाचा तुकडा मी घालीन. तिच्या आईच्या बांगड्या अजून पेटीत आहेत, त्यातली एक फोडीन. आणि दालनही बघीन. मध्यभागी काय मांडलंयस ते बघायचा माझा तेवढा हक्क आहे.

कमळाकर मास्तर


मुर्धे, ता. २७ डिसेंबर १९३८

जानू,

परवा घरी पोचलो. तुझ्या घरी जे बोललो नाही ते इथं येऊन लिहितोय. समोर बसून मला कठोर होता येत नाही, हे तू लहानपणीच ओळखलं होतंस.

गाडीतून उतरलो तो आधी दालनच विचारत गेलो. वाटलं, तुझं काम एकट्यानं पाहावं आणि मग ताठ मानेनं तुझ्या दारात यावं. पायऱ्यांवर मी सवयीनं चपला काढल्या. तिथला रखवालदार हसला. "आजोबा, घाला, घाला. हे देऊळ न्हवे."

आत काय काय होतं! पोटाच्या जागी भोक असलेली बाई. तारांचा एक पक्षी, ज्याला पंख आहेत पण अंग नाही. मला त्यातलं कळलं नाही, पण मजा वाटली, पोरांच्या पाट्या तपासताना वाटायची तशी. आणि मग मध्यभागी सागवानी चौथऱ्यावर, खिडकीच्या उजेडात, पालथं न ठेवता उताणं ठेवलेलं ते. खाली पाटी: 'गर्भ'. शिल्पकार जनार्दन तांडेल.

माझ्या पुढं एक जोडपं उभं होतं. बाई म्हणाली, "हे काय हो, लाल?" नवरा म्हणाला, "नवी कला आहे." "मला तर सांडग्याचं पातेलं तडकल्यासारखं दिसतंय." "हळू बोल गं, शिल्पकार इथंच कुठं असतील." "असू देत की. त्यांना तरी कळलंय का, विचारू."

मी पुढं झालो. बाहेरची कड बघून ओळखलं होतंच, डाव्या अंगाला भगताच्या आजोबांनी लावलेल्या चांदीच्या डोळ्याची खूण आहे. मग आत वाकून पाहिलं. तळाशी हिरवं काकण.

तुला ते सुचलेलं नव्हतं. तू पाहिलेलं होतंस.

मी हात जोडले. रखवालदार पुन्हा हसला. हसू दे. पण जानू, खरं मरण तर पुढंच आहे. मला ते सुंदर वाटलं. साठ वर्षं मी आईला बाहेरून पाहिली, तेलकट, डोळे वटारलेली, पोरांना भीती घालायला उपयोगी. तू ती आतून दाखवलीस. इतकी मऊ जागा तिच्या पाठीमागं होती हे आमच्या गावाला कधी कळलं नसतं. तिथं उभं राहून मला दोन क्षण चंद्रावतीचा विसर पडला. ह्याची मला तुझ्यापेक्षा जास्त शरम वाटते.

मग तू आलास, पाया पडलास, घरी नेलंस. वरण-भात वाढलास. "दालन आवडलं का मास्तर?" विचारलंस आणि मी "हो" म्हटलं. तुला कळलं होतं की मला कळलंय. दोघंही खाली मान घालून जेवलो. तू ताक वाढलंस, मी पुरे म्हटलं. जगातला सगळ्यांत खोटा संवाद तो.

आता खरं बोलू. माघी पौर्णिमा ४ फेब्रुवारीला आहे. ते घेऊन ये. गावापुढं यायची लाज वाटत असेल तर भाईंदर स्टेशनावर माझ्या हातात दे. मी तुझं नाव घेणार नाही. चंद्रावतीला हे अजून सांगितलेलं नाही.

कमळाकर


बडोदे, ता. ९ जानेवारी १९३९

तीर्थरूप मास्तरांस नमस्कार.

नाकारत नाही. मी घेतलं.

पाळीच्या तिसऱ्या दिवशी ताई खाजणात गेली होती, तुम्ही शाळेच्या पोरांना घेऊन झाडाखाली होता. मी फडकं उचललं. नुसतं बघायला, आईशप्पथ. उलटं केलं आणि मास्तर, मी तिथंच भुईवर बसलो. दहा वर्षं मी जो आकार मातीत शोधतोय तो तिथं आयता होता, आणि हे लोक तो चिखलात बुडवणार होते. पाठच्या पडवीतली फुटकी कौलं मी वजनाला घातली. कोणी बघणार नाही हे मला माहीतच होतं. आपल्या गावात कोणी फडक्याखाली बघत नाही.

बांध फुटेल, पोरं जातील, ताईवर येईल, हे मला कुठं ठाऊक होतं? आणि उधाण काय कवचामुळं आलं? तुम्ही तर शाळेत भरती-ओहोटी चंद्रावरून शिकवलीत.

आता ते माझ्या हातात नाही. दालनाच्या मालकांनी ते माझं काम म्हणून स्वीकारलंय, मोठमोठे लोक बघून गेले. आज मी 'हे मी केलेलं नाही' म्हटलं तर जागा गेली, नाव गेलं, पुन्हा ह्या शहरात मला माती कोणी देणार नाही. फेब्रुवारीअखेर प्रदर्शन संपू द्या. जागा पक्की झाली की काहीतरी करून परत आणतो. तोवर ताईला इकडं पाठवा, मी तिला बहिणीसारखं नव्हे, बहीण म्हणूनच सांभाळीन.

एक महिना, मास्तर. फक्त एक महिना मला द्या.

जानू


मुर्धे, ता. १९ जानेवारी १९३९

जानू,

महिना पौर्णिमेच्या पलीकडं जातो. तू गणितात कच्चा होतास, पण इतका नव्हतास.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी पंचांसमोर गेलो. चावडीच्या पायरीखाली उभा राहिलो, वर घेत नाहीत. म्हटलं, "कवच मी घेतलं. कौलं मी भरली. पोरीला माहीत नव्हतं. मला काढा गावाबाहेर."

पोशा पाटलानं विचारलं, "मंग कुठं ठेवलाय?" मी म्हटलं, खाडीत फेकलं. "कंच्या अंगाला?" मी म्हटलं, बांधाच्या पश्चिमेला. "भरतीला का ओहोटीला?" मी अडखळलो. पाटील हसला. वाईट हसला नाही, तेच वाईट. "मास्तर, तुमाला कविता सुचतेय. खोटा न्हाय सुचत. जा घरी." माझ्याच वर्गात तीन वर्षं एकाच इयत्तेत बसलेला माणूस!

मी घरी आलो तो चंद्रावती ओसरीवर तुझं पत्र घेऊन बसलेली. उशाखाली ठेवलं होतं मी. गावातली ती एकच पोर, जिला मी बायकोशी भांडून वाचायला शिकवलं. आज वाटलं, नसतं शिकवलं तर बरं. मला वाटलं आता आकांत करील. तिनं पत्राची घडी घातली, होती तशीच, आणि विचारलं, "बाबा, तुमी तिकडं जाऊन बघून आलात? आनि मला सांगितला न्हाय?"

मी म्हटलं, "तुला दुःख झालं असतं."

ती म्हणाली, "मला? मी सरावनापासून रोज रात मोजतेय का माझ्याच हातून कवा काय चुकला. झोपेत उठून मी फेकला का काय, हे पन इचारलाय मी मला. तुमी एक महिना माहीत असून मला तसाच ठेवलात."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. भाकरी वाढते, पाणी ठेवते. जानू, तू कवच चोरलंस. मी तिचं निरपराधपण महिनाभर उशाखाली दाबून ठेवलं, तुझं नाव राखायला. कोण मोठा चोर ते तूच ठरव.

मी सगळं गावाला सांगू शकतो. पण नुसत्या सांगण्यावर आता कोण विश्वास ठेवील? मी आधीच एक खोटं सांगून बसलोय.

घेऊन ये. मास्तर म्हणून आज्ञा करत नाही. भीक मागतो.

कमळाकर


मुर्धे, ता. २९ जानेवारी १९३९

जानू,

चंद्रावती सकाळपासून नाही.

खड्ड्यावर पाण्याला गेली ती परतली नाही. बांधावर तिची कळशी आहे, भरलेली, काठोकाठ. कडेला पावलं आहेत, ती पुढं ओल्या खाजणात पुसलीत. भरती चढत होती. मी बांधावर उभा राहून हाका मारल्या. मिठागरावर माणसं होती, त्यांनी ऐकलं, पण वाळीतल्या घराच्या हाकेला कोण येणार? एकानं फावडं खाली ठेवलं, दुसऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, त्यानं पुन्हा उचललं.

मी खाजणात गुडघाभर शिरलो. पुढं जाववेना. तिचं नाव सोडून मला दुसरा शब्द आठवेना. इतक्या कविता पाठ असलेला माणूस मी, एक ओळ तोंडात आली नाही.

आता कवच आणू नकोस. ज्याच्यासाठी आणायचं ते राहिलं नाही. तुझं दालन लखलाभ होवो. माझ्या मरणाला येऊ नकोस, एवढीच शेवटची इच्छा समज. भाईंदरच्या पेटीत टाकायला मीच चालत जातोय, पत्र न्यायलाही कोणी नाही.

क.


बडोदे, ता. ३० जानेवारी १९३९

तीर्थरूप मास्तरांस नमस्कार.

आपलं १९ तारखेचं पत्र पोचून आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला घेतो आणि फाडतो. आज सकाळी उठून आधी हेच हाती घेतलंय.

मी काल दालनात जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. मालक शेजारी होते. तोंड उघडलं, शब्दही जमवले होते. तेवढ्यात ते एका पाहुण्याला म्हणाले, "ह्या पोराच्या हातात देव आहे." आणि मी नमस्कार करून बाहेर आलो. मास्तर, मी भित्रा आहे. तुम्ही मला बोटं ओळखून घरी आणलंत, पण बोटांच्या मागचा माणूस तुम्ही पाहिला नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की ताईला गाव सोडावं लागलं तरी तिला जागा आहे. इथं खोली आहे, चूल आहे, मी आहे. गाव म्हणजे काय सगळं जग नव्हे. चार-सहा महिन्यांत ती रुळेल. तिला माझ्याकडून एवढं समजावून सांगा की मी तिचं वाईट

दार वाजतंय. इतक्या सकाळी माझ्याकडं कोणी येत नाही. बघून येतो.

मास्तर, चंद्राताई आली आहे.

एकटी आली. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, केसांत गाडीचा कोळसा. अख्ख्या आयुष्यात ती भाईंदर स्टेशनापलीकडं गेली नव्हती. कशी आलीस विचारलं तर म्हणाली, "तुझ्या पत्रावरचा पत्ता घेतला, पाट्या वाचीत आले. बाबांनी वाचाया शिकवलाय ना." तुम्हाला सांगून आली का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. तुम्ही काय काय मनात आणलं असेल! पोस्ट उघडल्याबरोबर तार करतो, हे पत्र मागाहून येईल.

मी पाणी पुढं केलं, तिनं घेतलं नाही. बस म्हटलं, बसली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभी आहे, वाळीतल्या माणसाला सवय होते तशी. मला वाटलं रडेल, शिव्या घालील. मी तिच्या पायांवर पडायला वाकलो तर एक पाऊल मागं सरली.

म्हणाली, "त्या सेठाचा घर दाखव. पुनवेला पाच दिस हायेत. त्याला तू सांगतोस, का मी सांगू?"